एचएएनपीव्ही: सातव्या दिवशी निकाल देणारी बाटली

पेडणे तालुक्यातील आमच्या मिरचीवर यंदा घाटेअळी पडली, तेव्हा एचएएनपीव्ही या विषाणूजन्य कीटकनाशकाची पाव लिटरची बाटली आणून फवारली. चौथ्या दिवशीही अळ्या मिरच्या पोखरतच होत्या आणि शेजारच्या काकांनी ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल देऊन टाकला होता. सातव्या दिवशी सकाळी मात्र झाडांच्या शेंड्यांवर अळ्या मागच्या पायांनी उलट्या लोंबत होत्या. एकीला काडी लावताच कातडी फुटून पांढुरका द्रव पानावर ओघळला.

हा उशीर मालाचा दोष नव्हे. विषाणूचे कण पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात बंदिस्त असतात आणि ते पानासोबत पोटात गेल्यावाचून काहीच घडत नाही. अळीच्या आतड्यातील तीव्र अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो, सुटलेले कण आतड्याच्या पेशींत शिरतात आणि केंद्रकात पोहोचून पेशीची सारी यंत्रणा आपल्या प्रती काढायला जुंपतात. संसर्ग झालेली पेशी एरवी स्वतःला संपवून रोग रोखू पाहते. या कुळातील विषाणू ती आत्महत्याच अडवणारी प्रथिने बनवतात. आधीचे नवे कण पेशीपटलातून निसटून शरीरभर पसरतात, नंतरचे पुन्हा स्फटिकात बसतात. सर्वांत धूर्त प्रकार ईजीटी या विकराचा: ते अळीचे कात टाकण्याचे संप्रेरक निकामी करते, त्यामुळे अळी खातच राहते आणि विषाणूला वाढायला अधिक शरीर मिळते. काकांना दिसलेली चौथ्या दिवसाची भूक बहुधा हीच.

म्हणून अळ्या लहान असतानाच, हेक्टरी २५० एलई (लार्व्हल इक्विव्हॅलंट, म्हणजे रोगट अळ्यांच्या हिशेबात मोजलेला विषाणू) या मात्रेने आणि संध्याकाळी फवारावे, कारण उन्हातील अतिनील किरणांत विषाणू लवकर निष्प्रभ होतो. द्रावणात थोडा गूळ आणि नीळ घालण्याची शिफारस असते; आम्ही दोन्ही घातली. फुलकिडे आणि कोळी या रस शोषणाऱ्या किडींवर याचा काडीचाही परिणाम होत नाही, आणि मिरचीवर त्यांचाच त्रास अधिक, हे घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. मधमाश्यांना मात्र धोका नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा लेबलासाठी कापला, कारण अळ्या मरायला किती दिवस लागतात याचा त्यावर उल्लेखच नाही. दुकानात बाटल्या उन्हाकडच्या फळीवर मांडलेल्या होत्या. पुढची बाटली ती फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याकडूनच घेईन.