जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: पॉलिशच्या पलीकडे

इंजिन थंड असतानाच गाडी पाहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सरळ दुसरी वेळ मागा. पहिल्या स्टार्टला निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंगा किंवा टर्बो, तिन्ही कामं खर्चिक. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले, तर पॅनल खोललंय. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. जाडी मोजायच्या मीटरवर ३०० च्या वर आकडा आला, तर खाली बहुधा पुट्टी. टायरवरचा २३१९ म्हणजे तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट वाजलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, संशयित. नुसती शहरात फिरलेली डिझेल? डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदलाय का ते तपासल्याशिवाय नकोच. सनरूफला भुलू नका, छताच्या अस्तरावर पाण्याचे डाग शोधा.