सेलास्ट्रोल की ट्रिप्टोलाइड? एकाच वेलीची दोन रसायने, ताणाशी दोन नाती

त्रिप्टेरिजियम विल्फोर्डी या चिनी वेलीच्या मुळांत ही दोन्ही रसायने सापडतात. प्रयोगशाळेत दोन्ही कर्कपेशी मारतात, पण ताण आला की पेशी जी बचावयंत्रणा चालू करते तिच्याशी त्यांचे वागणे अगदी उलट आहे.

सेलास्ट्रोल प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटते आणि प्रथिनांची घडी व विल्हेवाट दोन्ही बिघडवते. पेशीत बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग साचला की एचएसएफ-१ हा स्विच चालू होतो आणि एचएसपी-७० सारखी रक्षक प्रथिने भराभर तयार होतात. ही प्रथिने बिघडलेली घडी सावरतातच, शिवाय पेशीचा नियोजित मृत्यूही रोखतात. म्हणजे औषधच शत्रूला ढाल पुरवते! म्हणून एचएसएफ-१ दाबला की सेलास्ट्रोलचा मारा वाढतो, आणि मला ते जोडीने वापरण्याचेच रसायन वाटते.

ट्रिप्टोलाइड ही ढाल बनूच देत नाही. जनुकांवरून आरएनए, म्हणजे प्रथिने बनवण्याचा संदेश, उतरवणाऱ्या यंत्रणेतल्या एक्सपीबी प्रथिनाला ते कायमचे बांधते. हे २०११ मध्ये उलगडले. एचएसपी-७० घटते, एमसीएल-१ सारखी अल्पायुषी जीवरक्षक प्रथिनेही संपतात. ताणाच्या प्रतिसादापुरते बोलायचे तर माझा कौल निःसंशय ट्रिप्टोलाइडला.

पण एक्सपीबी निरोगी पेशींनाही लागते, त्यामुळे ट्रिप्टोलाइडने यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होते. पाण्यात विरघळणारे त्याचे रूप, मिनेलाइड, स्वादुपिंडाच्या कर्करोगावर रुग्णांत तपासले गेले आहे. या वेलीचा काढा घरी घेणे मात्र सरळसरळ विषबाधेला आमंत्रण आहे.