चेहरा पाड्यातला की पटकथा पाड्यातली?

ठाण्यात येऊरच्या जंगलात शूटिंग नवं नाही. मालिकेत आदिवासी पात्र असलं की निर्मात्यापुढे दोन वाटा असतात: भूमिकेला पाड्यावरचा माणूस घ्यायचा, किंवा लिहितानाच वारली, ठाकूर, कातकरी माणसाला सोबत बसवायचं.

पहिली वाट सोपी. शहरी नटाला काळा मेकअप फासण्यापेक्षा ती केव्हाही बरी, हे मान्य. रोजगार मिळतो, बोलीही खरी ऐकू येते. पण संवाद अंधेरीत लिहिलेले असले तर त्या खऱ्या तोंडातून निघतं काय? ‘साहेब, आम्ही जंगलाची लेकरं.’ वैताग येतो.

लेखनात माणूस असेल तर प्रसंगच बदलतो. वारली लग्नाचं घ्या. पडद्यावर हमखास अंगात आलेला भगत आणि मशाली. प्रत्यक्षात परंपरेने लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणत. म्हणजे पौरोहित्य बाईकडे! एवढं एक पात्र अख्खा भाग तोलून धरेल. तारपाही तसाच. दुधीभोपळ्यापासून केलेलं हे वाद्य वाजवणारा पुढे चालतो, नाचणारे त्याच्या मागे वळतात. सेटवर मात्र तो कोपऱ्यात उभा आणि मधोमध नायिका.

दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, पैसेही. दोन्ही जमलं तर उत्तमच. एकच परवडत असेल तर मी लेखनावर खर्च करेन, आणि त्या माणसाचं नाव ‘विशेष आभार’मध्ये न ढकलता लेखकांच्या यादीत, मानधनासकट.