माळ्यावरून उतरलेलं पुरणयंत्र

आमच्याकडचं पितळी पुरणयंत्र सासूबाईंच्या लग्नातलं. वर्षातून दोनदा माळ्यावरून खाली यायचं, होळीला आणि गौरी जेवतात त्या दिवशी. पुरण वाटून झालं की धुवायचं, पुसायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं आणि परत वर. गेल्या वर्षीपासून पुरणयंत्र आमच्या ओट्यावर मिक्सरच्या शेजारी बसतं आणि मिक्सरपेक्षा जास्त फिरतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, बोलणंही आलं, पण गिळायचा त्रास मागे राहिला. घरी सोडताना बजावून सांगितलं होतं: अन्न मऊ आणि एकजीव हवं, साल, बी, दोरा, गुठळी काही घशात जाता कामा नये, आणि पाण्यासारखं पातळही नको, दाटसर हवं. मी साहजिकच मिक्सर काढला.

मिक्सरमध्ये उकडलेला बटाटा फिरवून बघा, खळीसारखा चिकट होतो. टोमॅटोच्या बिया भरडल्या जातात आणि सार किंचित कडवट लागतं. हवा भरून फेस येतो, लालभडक टोमॅटोचा रंग फिका नारिंगी पडतो. वाटाण्याची सालं तर कितीही फिरवली तरी कणाकणाने राहतातच. तीन आठवडे मी अण्णांना असलं वाटलेलं जेवण दिलं. एक दिवस त्यांनी वाटी हातात धरून मला विचारलं, "अगं, हे काय आहे ते तरी सांग मला." पडवळ होतं. त्यांना पडवळ ओळखू आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मग होळी आली. कट काढला, गूळ घालून डाळ शिजवली, डाव उभा राहीपर्यंत आटवली आणि गरम असतानाच यंत्रात घातली. पुरण गार झालं की घट्ट होतं आणि दांडा फिरवताना खांदा भरून येतो, म्हणून गरमच घालायचं. जाळीखाली पडलेलं मऊसूत पुरण वाटीत घेतलं, वर साजूक तूप सोडलं, थोडं दूध घालून सैल केलं आणि अण्णांना भरवलं. तिसऱ्या चमच्याला ते म्हणाले, "होळीचं जेवण जेवलो." त्या दिवशी यंत्र माळ्यावर गेलं नाही.

पुरणयंत्राची खुबी साधी आहे. तिरकं पातं अन्न कापत नाही, दाबतं. शिजून मऊ झालेलं जाळीतून खाली जातं. साल, बी, दोरा वर राहतो. मिक्सर सगळ्यालाच सारखं बारीक करतो. माझ्या दृष्टीने सगळा फरक एवढ्यातच आहे, आणि आजारी माणसाच्या ताटात तो फार मोठा आहे.

पितळी यंत्रात मात्र आंबट काही घालू नका. आमच्या यंत्राची कल्हई उडाली होती, टोमॅटो घातला आणि सार कळकलं, सगळं ओतून द्यावं लागलं. ॲल्युमिनियमचंही आंबटाला नको. रोजच्यासाठी स्टीलचं घ्या. मी घेतलेलं पहिलं स्टीलचं यंत्र हलकं निघालं. दुसऱ्याच आठवड्यात एक पाय वाकला आणि दुकानदाराने बदलून दिलं नाही. दुसरं घ्यायला मग तुळशीबाग आणि बोहरी आळी अशा दोन्हीकडे हिंडले, आणि जाड पत्र्याचं, तीन जाळ्यांचं साडेआठशेला घेतलं. घेताना दुकानातच जाळी बसवून दांडा फिरवायचा. पातं जाळीला टेकलेलं हवं, पण खरवडता कामा नये. मध्ये फट असली तर अन्न पात्याखाली नुसतं गोलगोल फिरतं, खाली काही पडत नाही. पाय टोपाच्या काठावर पक्के बसतात का तेही बघा, कारण आपला सगळा जोर त्या तीन पायांवर येतो.

आता टोमॅटोचं सार. किलोभर पिकलेले टोमॅटो चार फोडी करून, पाणी न घालता, झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवते. गरमच बारीक जाळीतून काढते. जाळीवर मूठभर साल आणि बी उरते, खाली दाट लाल रस. त्यात नारळाचं दूध आणि गुळाचा खडा, वरून तुपाची जिरेपुडीची फोडणी. कढीपत्ता फोडणीत घालून नंतर काढून टाकते, अण्णांच्या घशाला पान नको म्हणून. बटाटाही यातूनच काढते. किसलेल्या बर्फासारखा भुरभुरीत पडतो, त्यात गरम दूध आणि लोणी कालवायचं. घरातल्या इतरांच्या बटाटेवड्यांचं सारणही आता असंच होतं, एकही खडा लागत नाही.

चिंचेचा कोळ काढायला हाताने चोथा पिळत बसायचे, तो वेळ वाचला. गरम पाण्यात भिजलेली चिंच घातली की दोरे आणि चिंचोके वर राहतात. पन्ह्यासाठी उकडलेली कैरी, वाफवून बिया काढलेला आवळा, महाशिवरात्रीला कवठाचा गर, सगळं यातूनच. कवठाला जरा वेळ लागतो, अधूनमधून दांडा उलटा फिरवून जाळी मोकळी करावी लागते. पालेभाजीला मात्र यंत्र कामाचं नाही. पालकाच्या शिरा पात्याला गुंडाळतात, तिथे मिक्सरच बरा.

ठरलेल्या कामापलीकडे उपयोगी पडलेली दुसरी वस्तू म्हणजे पितळी कातणं, करंजीच्या कडा कातरायचं. झटका यायच्या आधी अण्णांची कवळी बसत नव्हती, तेव्हा मऊ पोळीचे तुकडे त्यांना हाताने तोडावे लागायचे. कातण्याच्या चाकाने पोळी ताटातच आडवी-उभी कापली की शंकरपाळ्यांएवढे सारखे तुकडे होतात. सुरीने पोळी ओढली जाते आणि फाटते, चाकाने नाही. हल्ली थालीपीठ आणि घावनसुद्धा मी कातण्यानेच कापते, आणि नातवाच्या डब्यात तेच तुकडे जातात.

बिडाचं आप्पेपात्र मी आप्प्यांना जितकं वापरते तितकंच फोडण्यांना वापरते. आमच्या घरी एकाच वरणाला तीन चवी लागतात. अण्णांना नुसती हिंगाची, धाकट्या जावेला लसूण चालत नाही म्हणून तिची मोहरी-हळदीची, आणि मुलांना लसूण-लाल मिरचीची. पात्र तापलं की तीन खळग्यांत चमचा-चमचा तूप घालायचं आणि तिन्ही फोडण्या एकदम करायच्या. लसूण शेवटी, कारण बीड गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं आणि लसूण करपतो. नॉनस्टिक पात्रात हे करू नका, रिकाम्या खळग्यांचा लेप तापून खराब होतो. उपासाचे साबुदाणेवडेही यात थेंब-थेंब तुपावर छान खरपूस होतात.

पुरणयंत्र धुण्याचं तेवढं सांगते. वापरून झाल्या झाल्या जाळी काढून पाण्यात टाकायची. पुरण वाळलं तर भोकं सुईने टोकरत बसावी लागतात. जुना दात घासायचा ब्रश मी त्यासाठीच ठेवलाय, आतून बाहेर नाही तर बाहेरून आत घासायचं, म्हणजे अडकलेले कण ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत निघतात.

मे महिन्यात पायरी आली. रसाला मला पायरीच आवडते, पण तिला दोरे असतात, आणि मिक्सरमध्ये ते बारीक होऊन रसातच राहतात. आंबे हाताने चेपून मऊ केले, कोयी काढल्या आणि गर बारीक जाळीतून काढला. दोऱ्यांचा एक गुंता पात्याला राहिला. खालचा रस इतका दाट की चमचा उलटा केला तरी पटकन सांडेना. अण्णांनी वाटी आपल्या हाताने धरली, मला भरवू दिलं नाही. अर्धी वाटी संपल्यावर विचारलं, "पायरी ना?"