बर्बन-सायडर: ऑक्टोबरात गार, की दिवाळीनंतर गरम?

जळगावात किराणा दुकानात ‘बर्बन’ मागितलं की चॉकलेट क्रीमचं बिस्कीट हातात पडतं आणि ‘अ‍ॅपल सायडर’ मागितलं की व्हिनेगरची बाटली. मला हे दोन्ही अनुभव एकाच संध्याकाळी आले. वर दुकानदाराने आपुलकीने विचारलंही, “वजन कमी करून राहिले का भो?”

निमित्त होतं मामेभावाचं. तो अमेरिकेहून आला, येताना ड्यूटी फ्रीमधून बर्बन व्हिस्कीची एक बाटली घेऊन आला. तिकडे पानगळ सुरू झाली की ही व्हिस्की सफरचंदाच्या सायडरमध्ये घालून पितात, असं सांगून बाटली माझ्या हवाली केली आणि स्वतः पुण्याला सासरी निघून गेला. मग मी कोजागरीच्या आसपास आणि नंतर पौषाच्या थंडीत हे पेय वेगवेगळ्या तऱ्हांनी करून पाहिलं. तुमच्याकडेही अशी बाटली आली असेल, किंवा घ्यावी की नको या विचारात असाल, तर पुढचं वाचा.

आधी सायडर

नावाचा घोळ मिटवू. अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, तपकिरी ताजा रस. त्यात दारू नसते. ब्रिटनमध्ये मात्र त्याच नावाने आंबवलेलं, बिअरसारखं पेय मिळतं. आपल्याकडे त्या नावाने मिळतं ते व्हिनेगर. या कॉकटेलला पहिला प्रकार लागतो, आणि तो आपल्याकडे तयार मिळत नाही. म्हणजे उरले दोन मार्ग: खोक्यातला ज्यूस, नाहीतर घरी पिळलेला रस.

खोक्यातला ज्यूस सोयीचा आहे. वीस माणसं येणार असतील तर सोय ही लहान गोष्ट नाही. पण तो बहुतेक वेळा आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेला असतो, काचेसारखा स्वच्छ गाळलेला असतो आणि गोड असतो. सफरचंदाच्या सालीत जो किंचित तुरटपणा असतो तो त्यात औषधालाही नसतो. बर्बन स्वतःच गोडसर, त्यात हा ज्यूस. दुसऱ्या घोटाला सरबत प्यायल्यासारखं वाटतं. घ्यायचाच असेल तर वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेला घ्या आणि लिंबू सढळ हाताने पिळा.

घरी पिळायला कष्ट आहेत, पण हे पेय तिथेच उभं राहतं किंवा पडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमाचल आणि काश्मीरचा माल आपल्या बाजारात उतरतो, तेव्हा सफरचंद करकरीत असतं. फेब्रुवारीनंतर मिळतं ते बहुधा शीतगृहातलं, आतून रवाळ झालेलं. त्याच्या नादाला लागू नका. किलोभर सफरचंदं धुवा, साल ठेवा, बिया काढून टाका (कडवटपणा त्यांचाच), अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि पंचातून पिळा. माझ्या हाताने किलोला अर्धा लिटरच्या आसपास रस निघाला, म्हणजे चार जणांपुरता. आमच्या वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “एवढं पिळून त्यात दारूच घालायची ना?”

पिळल्यावर पाचच मिनिटांत रस तपकिरी पडतो. घाबरू नका, फोडी काळ्या पडतात तोच हा प्रकार, आणि अमेरिकन सायडरचा रंग त्यातूनच येतो. आपल्याला बाजारात मिळणारं लाल डेलिशस सफरचंद नावाप्रमाणे गोड, पण आंबटपणाला कमी. तीन लाल सफरचंदांमागे एक हिरवं ग्रॅनी स्मिथ घातलं तर रसाला धार येते. हिरवं महाग वाटलं तर लिंबू आहेच. फक्त ते रस तपकिरी झाल्यावर पिळा, आधी पिळलं तर रंग चढत नाही.

आणि हा रस बाहेर ठेवू नका. मी एक बाटली ऑक्टोबरात रात्रभर ओट्यावर विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर फस्सकन फेस. रस आपणहून आंबायला लागला होता. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी वास घेऊन ठरवा.

बर्बनच का, आणि नसेल तर काय

बर्बन अमेरिकेतच बनते. कायद्याने तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळून काळ्या केलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मका आपल्याकडेही शिवारभर असतो, फक्त त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. मक्यामुळे गोडवा येतो आणि जळक्या लाकडामुळे व्हॅनिला व करपवलेल्या साखरेचा वास. सफरचंद आणि दालचिनीशी हे जुळतं, कारण तिघांचाही कल गोडसर, उबदार वासाकडे आहे.

भारतात जिम बीम आणि मेकर्स मार्क ही नावं मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसतात. मेकर्स मार्कमध्ये राय या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे ती मऊ लागते. पण सफरचंदात मिसळायची असेल तर एवढा मऊपणा विकत घेण्यात अर्थ नाही, साधी जिम बीम पुरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. तरी हिशेब असा की एका बर्बनच्या पैशांत ओल्ड मंक रमच्या दोन-तीन बाटल्या येतात. जॅक डॅनियल्स स्वतःला बर्बन म्हणवून घेत नाही, टेनेसी व्हिस्की म्हणवते. ती पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळतात. या पेयात ती बर्बनच्या जागी बिनदिक्कत चालते.

स्कॉच नको. धुराचा वास असलेली तर मुळीच नको. सफरचंदाशेजारी तो वास दवाखान्यासारखा लागतो. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांचं काय, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. त्यांतल्या बऱ्याच मळीच्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट व्हिस्की मिसळून केलेल्या असतात. त्यांत व्हॅनिला-ओक शोधत बसण्यापेक्षा सरळ रम घ्यावी, जी मळीचीच आहे आणि ते लपवत नाही. मोहाच्या फुलांच्या दारूचीही तुलना करावी असा मोह झाला होता, पण तिचा फुलासारखा वास इतका जोरकस असतो की सफरचंद पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसून राहतं. विषय तिथेच सोडला.

म्हणजे खरी लढत दोघांतच: बर्बन आणि ओल्ड मंक. ती पेय गार की गरम यावर ठरते.

गार

आपला शरद म्हणजे तिकडचा ‘फॉल’ नव्हे. तिथे माणसं स्वेटर घालतात, इथे ऑक्टोबरची दुपार पस्तिशीला टेकलेली असते आणि कापूस वेचणाऱ्या बाया डोक्याला फडकं बांधून सकाळीच शेतात उतरतात. अशा दिवसांत कोणी वाफाळता मग पुढे केला तर मी त्याच्याकडे संशयानेच पाहीन. दिवाळीपर्यंत हे पेय गारच करावं.

ग्लासात बर्फ, ४५ मिली बर्बन, १२० मिली रस, दोन चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा आल्याचा रस, वरून थोडा सोडा. तिकडचे लोक ६० मिली घालतात. इथल्या उकाड्यात ते झेपत नाही आणि सफरचंदही दबतं. दालचिनीची पूड वर भुरभुरू नका, ती ओठांना चिकटते. त्यापेक्षा दालचिनीची काडी रसात तासभर फ्रीजमध्ये ठेवून द्या.

इथे बर्बन सरळ जिंकते. गार रसात मसाले कमी असतात, म्हणून पिंपाचा वास नाकाला जाणवतो आणि लिंबाच्या आंबटपणावर मक्याचा गोडवा बसतो. तेच रम घालून केलं तर गुळाचं लिंबू सरबत होतं. वाईट नाही, पण त्यात सफरचंद ओळखू येत नाही. शेवभाजीबरोबर गार ग्लास चांगला जातो, मात्र भाजी नेहमीच्या तिखटाची असेल तर सोडा वाढवून दारू कमी करा. दारूने तिखट आणखी झोंबतं, हे आमच्या टेबलावरच्या एका पुणेकराने डोळ्यांतून पाणी काढत सिद्ध केलं.

कोजागरीच्या रात्री आटीव दुधाशेजारी हा ग्लास ठेवताना एक पथ्य पाळा, दोन्ही पातेली लांब ठेवा. आमच्याकडे कोणीतरी उत्साहाने मसाला दुधात सफरचंदाचा रस ओतला. दूध फाटलं, केशरासकट.

गरम

मार्गशीर्ष-पौषात गोष्ट बदलते. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि शेताशेतांत भरीत पार्ट्या लागतात. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. त्याच जाळाच्या कडेला एक पातेलं ठेवलं की काम झालं.

एक लिटर रस, बोटाएवढ्या दोन दालचिनीच्या काड्या, चार लवंगा, ठेचलेलं आलं, आणि नागपूरच्या संत्र्याच्या सालीचा एक पट्टा, आतला पांढरा भाग काढून. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. उकळी फुटू देऊ नका, सफरचंदाचा ताजा वास उडून जातो आणि मागे नुसता काढा उरतो. चक्रीफूल चालेल. दगडफूल नको; ते काळ्या मसाल्याच्या डब्यातच शोभतं, आणि मी घालून पाहिलं आहे.

दारू पातेल्यात ओतायची नाही, मगमध्ये घालायची. एक कारण साधं: मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो, चुलीवर ठेवलात तर महागाची बाटली वाफेबरोबर सातपुड्याकडे जाईल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खान्देशातल्या भरीत पार्टीत एक तरी माळकरी काका असतातच. पोरंबाळं असतात, परत गाडी चालवणारा असतो, कोणाचा उपवास असतो. पातेलं बिनदारूचं राहिलं तर ते सगळ्यांचं असतं. ज्याला हवी त्याने मगमध्ये ३० मिली घालून घ्यावी. आमच्या काकांनी तीन मग घेतले आणि चौथ्याला विचारलं, “याच्यात काही नाही ना?” तेवढ्यासाठी तरी मी गरम प्रकाराच्या बाजूने मत देईन. गार प्रकारात प्रत्येकाचा ग्लास वेगळा भरावा लागतो आणि यजमान रात्रभर बर्फ फोडत बसतो.

आता बर्बन की रम? मला खात्री होती की इथेही बर्बनच चालेल. वांग्याची जळकी साल आणि पिंपाचं जळकं लाकूड, याहून चांगली जोडी कुठली? प्रत्यक्षात लवंग आणि दालचिनीने बर्बनचा व्हॅनिला खाऊन टाकला. झाकून चव घ्यायला लावली तेव्हा पाचातल्या चौघांनी रमचा मग उचलला. ओल्ड मंकचा मळीचा भारदस्तपणा मसाल्यांतूनही जाणवतो आणि ४२.८ टक्क्यांची असूनही गरम रसात ती घशाला लागत नाही. पाचवा मी होतो. मी बर्बन ओळखली, पण ती मीच ओतली होती.

त्यामुळे गरमसाठी बर्बन विकत आणू नका. दिवाळीआधी दोन-चार जणांची बैठक असेल, बाटली घरात असेल, तर गार करा आणि बर्बनच वापरा. शेतावर पंधरा माणसं असतील तर रम आणा आणि वाचलेल्या पैशांत सफरचंदं वाढवा. मी तीन किलो नेली होती, पाच लागली असती. आणि सफरचंदं पिळायला वेळच नसेल तर हा बेतच सोडा. चांगली बर्बन खोक्यातल्या ज्यूसमध्ये घालण्यापेक्षा नुसत्या बर्फावर प्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो. स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण हवं. बेत २ ऑक्टोबरला ठेवणार असाल तर त्या दिवशी ड्राय डे असतो, रम आधीच आणून ठेवा. सुरतेहून पाहुणे आले असतील आणि उरलेली बाटली ‘घेऊन जातो’ म्हणाले तर नका देऊ. नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि दारूबंदी बाकाच्या मध्यापासून सुरू होते.

पिळून उरलेला चोथा टाकू नका. तुपावर परता, थोडा गूळ आणि वेलदोडा घाला, वीस मिनिटांत घट्ट होतो. वहिनींनी तो दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर वाढला आणि सांगितलं की एवढ्या खटाटोपात हीच एक कामाची गोष्ट निघाली. मामेभावाची बाटली अजून पाऊण भरलेली आहे.