स्टिरिओ झूम मायक्रोस्कोपचा एलईडी डार्कफील्ड बेस: डोळ्याच्या लेन्सचा गढूळपणा मोजायला पुरतो का?

पुण्याच्या फार्मसी कॉलेजांत मोतीबिंदूवरच्या औषधाची पहिली चाचणी बऱ्याचदा बकऱ्याच्या डोळ्यावर होते. लेन्स काढायची, ५५ मिलिमोलर ग्लुकोज घातलेल्या कृत्रिम अ‍ॅक्वियस ह्यूमरमध्ये (डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रावणात) ७२ तास ठेवायची, मग जाळीवर ठेवून आरपार किती चौकोन दिसतात ते मोजायचं; लेन्स जितकी गढूळ, तितके चौकोन कमी. त्यापुढे जाऊन गढूळपणाचा आकडा हवा असेल, तर मायक्रोस्कोपखालचा हा दिव्याचा बेस घ्यावा. सोबतच्या कॅमेऱ्यावर मात्र भिस्त ठेवू नये.

बेसबद्दल तक्रार नाही. प्रकाश चहूबाजूंनी तिरका येतो, पार्श्वभूमी खरोखर काळी राहते, धूसर भाग पांढरा उठून दिसतो. हॅलोजनसारखं द्रावणही तापत नाही.

कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवरच सुरू होतो. गढूळ लेन्स आली की चित्र काळवंडवतो, स्वच्छ आली की उजळवतो. म्हणजे मोजायचा फरकच पुसून टाकतो! एक्स्पोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. सर्वांत गढूळ लेन्स ठेवून एक्स्पोजर असं बेता, की इमेजजे या चित्र मोजायच्या सॉफ्टवेअरच्या हिस्टोग्रॅममध्ये (उजेडाच्या आलेखात) काहीच २५५ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, टेकणार नाही. मग त्या बॅचपुरतं झूमलाही हात लावायचा नाही. प्रकाशाच्या नॉबवर खुणा नाहीत (एवढ्या किमतीत हे खटकतं), म्हणून दर वेळी आधी दुधी काचेच्या एकाच तुकड्याचा फोटो घेऊन उजेड जुळवा. कॅमेरा जोडायचा ०.५ एक्सचा अ‍ॅडॉप्टरही मागवून घ्या. अर्ध्या इंची सेन्सरवर त्याच्याशिवाय, ०.७ एक्स झूमलाही जेमतेम ९ मिमी रुंदी मिळते आणि बकऱ्याची लेन्स मावत नाही.

डिश काचेचीच हवी, प्लास्टिकवरचे ओरखडे डार्कफील्डमध्ये चमकतात. लेन्स द्रावणात पूर्ण बुडवा, नाहीतर वरच्या चकाकीलाच सॉफ्टवेअर गढूळपणा समजतं. डोळे बर्फातून आले असतील तर घाई नको: कोवळ्या जनावराची लेन्स थंडीने मधोमध पांढरी होते आणि ऊब मिळाली की निवळते.

जाळी सोबत येत नाही. अप्पा बळवंत चौकात ओएचपी शीटवर १ मिमीचे चौकोन लेझर प्रिंटने छापून घ्या आणि शीट डिशखाली चिकटवा. लेन्सची मागची बाजू खाली ठेवा. डिश बदलली की जाळीचं अंतर बदलतं, चौकोन लहानमोठे दिसतात. सगळ्या लेन्ससाठी एकच डिश वापरा. जाळीचा हा फोटो ब्राइटफील्डवर, म्हणजे खालून सरळ येणाऱ्या प्रकाशात, काढायचा.

जिवंत उंदरांवर काम असेल तर हे घेऊ नका, तिथे स्लिट लॅम्पच (डोळ्यात प्रकाशाची बारीक फट टाकून तपासायचं यंत्र) लागतो.