१२० व्होल्टचा अ‍ॅम्प आणि ३४,५०० रुपयांचा चुना

गिटारसाठी सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

घरच्या सरावाला पाच-दहा वॉट पुष्कळ होतात, पण मला ड्रमसोबत छोट्या कार्यक्रमांत वाजवायचं होतं. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, १५ वॉट, बारा इंची स्पीकर. गरजेला अगदी बरोबर. निवड चुकली नव्हती, विकणारा माणूस लबाड निघाला.

पुण्यात त्याच्या फ्लॅटवर माझीच गिटार लावून पाहिली. रिव्हर्ब (आवाजाला येणारा घुमारा), व्हॉल्यूम, सगळं सुरेख. अ‍ॅम्पची वायर टेबलाखालच्या एका जड काळ्या डब्यात गेली होती. विचारलं, तर म्हणे, "स्टॅबिलायझर आहे दादा, आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं." तिथेच वाकून बघायला हवं होतं! प्लग अमेरिकन, चपट्या पिनांचा. मागे जिथे व्होल्टेज छापलेलं असतं नेमकं तिथे बँडचं स्टिकर. पण अ‍ॅम्प समोर इतका छान वाजत असताना स्टिकर कोण खरवडून बघतं? आणि "सरळ २३० वर चालतो" हे त्याने मला चॅटवर लेखी दिलं होतं.

५,००० यूपीआयने दिले, २९,५०० रोख. रोखीचा आग्रह त्याचाच. रोख देऊ नका, कुणालाही.

घरी चालू केला. मोठी घरघर, मग वॉर्निश जळल्याचा वास, मग सगळं शांत. मेकॅनिकने उघडला तर फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, म्हणजे तो उडालाच नाही, आणि आतला ट्रान्सफॉर्मर खलास. स्टिकरखाली १२० व्होल्ट. त्याच्या टेबलाखालचा तो डबा म्हणजे आपल्याकडचे २३० व्होल्ट १२० वर उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता. दुरुस्तीचे ११,००० वेगळे.

मागची पट्टी स्वतः वाचा. स्टिकर असेल तर काढायला लावा, नाही म्हणाला तर उठून चालू लागा.

चौकीत ऐकवलं, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हा दिवाणी मामला." सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, आमच्याकडे येत नाही. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोचसुद्धा देईनात. विकणारा व्यापारी नाही, म्हणून ग्राहक कायद्याचंही दार बंद. खोटं सांगून पैसे उकळले तरी फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे कशासाठी?

चॅट पुसू नका. चौकीत गुन्हा नोंदवून घेतला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवता येते. मी ती चॅट जोडून स्पीड पोस्टाने पाठवली आहे, कारण पोस्टाची पोच तरी मिळते.